खेळाचे दार आणि घराचे कुलूप

घराचे पुढचे दार रात्री कोणी लावावे, हा प्रश्न आमच्या गोमंतकीय घरांतून सहसा विचारला जात नाही. शेवटी निजणारे वडीलधारे माणूस आडसर घालते, परसाकडची कडी चाचपून पाहते आणि मगच दिवा मालवते. परंतु गेल्या दहापंधरा वर्षांत याच घरांना आणखी एक दार बसले आहे. ते म्हणजे इंटरनेटचे. त्या दाराचा आडसर कोठे असतो हे वडीलधाऱ्यांस बहुधा ठाऊक नसते. ठाऊक असते ते आठवीनववीत शिकणाऱ्या चिरंजिवांस. आणि मित्रांना आपल्याबरोबर खेळता यावे एवढ्याच निष्पाप हेतूने हे चिरंजीव एक दिवस तो आडसर काढून ठेवतात. घरच्या संगणकावर खेळाचा सर्व्हर चालविणे, या नावाने ओळखल्या जाणाऱ्या नव्या उद्योगाविषयी आज आम्ही लिहीत आहोत. विषय पोरखेळाचा वाटेल; परंतु त्यात पणाला लागलेली मिळकत, नोकरी आणि अब्रू वडीलधाऱ्यांची आहे.

प्रथम हा उद्योग काय आहे ते पाहू. 'माइनक्राफ्ट' हे नाव शाळकरी मुलांच्या घरात ऐकू आले नसेल असे क्वचितच. स्वीडनमधील मोजांग या लहानशा कंपनीने २०११ साली हा खेळ पूर्ण स्वरूपात बाजारात आणला, २०१४ साली मायक्रोसॉफ्टने ती कंपनीच अडीच अब्ज डॉलरांना विकत घेतली, आणि २०२३ सालापर्यंत त्याच्या ३० कोटींहून अधिक प्रती खपल्या. ठोकळ्यावर ठोकळा रचून घरे, किल्ले, गावे उभारायची, असा हा खेळ. तो एकट्याने खेळता येतो. पण त्याची खरी गोडी चारचौघांनी मिळून एकाच गावात नांदण्याची. असे सामाईक गाव ज्या संगणकावर वसते त्यास सर्व्हर म्हणतात. त्यासाठी लागणारी प्रणाली कंपनीच विनामूल्य देते. सर्व्हर भाड्यानेही मिळतो, परंतु त्यास दरमहा पैसे पडतात. आणि वडिलांजवळ दरमहा हात पसरण्यापेक्षा कोपऱ्यातला जुना संगणक रात्रंदिवस चालू ठेवणे मुलांस अधिक सोयीचे वाटते. येथवर आक्षेप घेण्याजोगे काहीही नाही.

अडचण पुढे सुरू होते. घरचा संगणक जोवर बाहेरून बातम्या, चित्रपट, गाणी आणून दाखवितो तोवर तो गिऱ्हाईक असतो. भिंतीवर टांगलेली राऊटर नावाची पेटी ही त्या घराची राखणदार. घरातून कोणी हाक मारली तर त्या हाकेचे उत्तर ती आत घेते. न बोलावता आलेल्यास उंबऱ्यावरूनच परत लावते. सर्व्हर मांडला की हा सारा व्यवहार उलटा होतो. बाहेरच्या माणसाने आपण होऊन आत यावे यासाठी या राखणदारास सांगून ठेवावे लागते, की अमुक क्रमांकाच्या दारावर जो येईल त्यास न विचारता अमुक संगणकापाशी नेऊन सोड. या क्रमांकित दारांस पोर्ट म्हणतात. माइनक्राफ्टच्या मूळ जावा आवृत्तीचे ठरीव दार २५५६५ क्रमांकाचे आहे. ते उघडले की घराचे दुकान झाले असे समजावे. दुकान मांडणाऱ्यास कोणते गिऱ्हाईक पायरी चढेल हे आधी सांगता येत नाही.

'आम्हांला कोण ओळखतो? आमच्या आडगावातील घरात येऊन कोणाला काय मिळणार?' असा प्रश्न यावर हटकून विचारला जातो. हा गैरसमज मुळातूनच काढून टाकला पाहिजे. या जगात आडगाव नावाची वस्तूच नाही. इंटरनेटच्या जुन्या, अजूनही सर्वत्र वापरात असलेल्या पद्धतीनुसार साऱ्या जगाचे मिळून सुमारे ४२९ कोटी पत्ते होतात. हा आकडा मोठा वाटतो. परंतु अमेरिकेतील मिशिगन विद्यापीठाच्या संशोधकांनी २०१३ सालीच दाखवून दिले, की चांगली जोडणी असलेल्या एका संगणकावरून एखाद्या क्रमांकाचे दार या सर्व पत्त्यांवर पाऊण तासाच्या आत ठोठावून पाहता येते. म्हणजे पणजीचे घर असो वा पेडण्याचे, त्याचे दार उघडे आहे की नाही हे पाहण्यासाठी त्या घराशी कोणाचे वैर असण्याची गरज नाही. यंत्रे ही दारे अहोरात्र ठोठावीत असतात. ती नाव विचारीत नाहीत.

तरीही केवळ दार उघडे असल्याने चोरी होत नाही. आत येणाऱ्यास जो सामोरा जातो, तो सर्व्हर, शहाणा आणि सावध असेल तर पाहुणा खेळून परत जातो. प्रश्न एवढाच, की तो नेहमी सावध असतो का? डिसेंबर २०२१ मध्ये या प्रश्नाचे उत्तर साऱ्या जगाला मिळाले. संगणकावर काय काय घडले याची रोजकीर्द लिहून ठेवण्याचे काम करणारा 'लॉग फोर जे' नावाचा एक घटक आहे. अपाची सॉफ्टवेअर फाउंडेशनच्या छत्राखाली मूठभर स्वयंसेवक तो सांभाळीत आले, आणि जगातील असंख्य प्रणालींनी तो उचलून आपल्यात बसविला. माइनक्राफ्टही त्यांपैकीच एक. अलीबाबा कंपनीच्या सुरक्षा विभागाला नोव्हेंबर २०२१ मध्ये आढळून आले, की या रोजकीर्द लिहिणाऱ्या कारकुनास एक विशिष्ट ओळ दिली तर तो ती नुसती लिहून ठेवीत नाही. तीत सांगितलेल्या परक्या पत्त्यावर जातो, तेथील आज्ञावली आणतो आणि आपल्याच घरात चालवितो. दोषांची तीव्रता मोजण्याच्या प्रचलित मापावर या दोषास १० पैकी १० गुण मिळाले.

त्याचा पहिला बोभाटा झाला तो या खेळाच्या सर्व्हरांवरून. कारण तेथे ती ओळ पोहोचविण्यासाठी काहीच कसब लागत नव्हते. खेळताना एकमेकांशी बोलण्याची जी खिडकी असते तीत ती ओळ टंकलिखित केली की काम झाले. मोजांगने १० डिसेंबर २०२१ रोजी सुधारलेली आवृत्ती तत्परतेने काढली. परंतु ज्यांनी ती घेतली नाही त्यांचे काय झाले, हे त्याच महिन्यात मायक्रोसॉफ्टच्या सुरक्षा विभागाने सांगितले. लोकांनी स्वतः चालविलेल्या सर्व्हरांवर अशी ओळ पाठवून, सर्व्हरच्या संगणकावर आणि त्यास जोडलेल्या खेळाडूंच्या संगणकांवरही, फायली कुलूपबंद करून खंडणी मागणारी आज्ञावली चढविण्यात आली होती. म्हणजे यजमानाच्या घरी चोर शिरला आणि जेवायला आलेल्या पाहुण्यांच्या घरांच्याही किल्ल्या घेऊन गेला. सर्व्हर चालविणाऱ्या मुलाने त्या आठवड्यात सुधारणा घेतली होती की नव्हती, एवढ्यावर दहा घरांचे बरेवाईट अवलंबून होते. दहावीच्या परीक्षेची तयारी करणाऱ्या मुलाने असा पहारा अहोरात्र द्यावा, ही अपेक्षाच मुळी अवाजवी आहे.

दाराचे झाले; आता आतल्या सामानाविषयी. खेळात रंगत आणण्यासाठी मुले त्यात निरनिराळी भर घालतात. तीस मॉड किंवा प्लगइन म्हणतात. ही भर जगभरचे हौशी लोक तयार करतात, आणि त्यांतील बहुतेक जण सद्हेतूने करतात. परंतु जून २०२३ मध्ये 'कर्सफोर्ज' आणि 'बकिट' या नामांकित भांडारांतील काही मॉडांत व प्लगइनांत 'फ्रॅक्चरायझर' नावाचे विष मिसळल्याचे उघडकीस आले. संगणकावर साठविलेल्या लॉगिनच्या खुणा चोरणे आणि त्याच संगणकावरील इतर मॉडांतही स्वतःला पसरविणे, असे त्याचे काम होते. ज्या दुकानातून नेहमी वाणसामान येते त्याच दुकानातील पिठात भेसळ निघावी, तसा हा प्रकार. येथे तर दार बंद असले तरी उपयोग नाही. चोराला घरच्यानेच पिशवीत घालून आत आणलेले असते.

आणखी एक गोष्ट आम्ही स्पष्ट बोलतो, कारण ती आपल्याकडे फार चालते. खेळाची अधिकृत प्रत विकत न घेता चोरटी प्रत वापरणाऱ्या मित्रांनाही आत घेता यावे म्हणून पुष्कळ मुले सर्व्हरमधील ओळख पटवून घेण्याची व्यवस्थाच बंद करतात. मग जो कोणी येऊन 'मीच या सर्व्हरचा मालक' असे नाव सांगेल त्यास सर्व्हर मालक मानतो आणि सारे अधिकार त्याच्या हाती देतो. चार पैसे वाचविण्यासाठी येथे पहारेकऱ्याचे डोळेच बांधले जातात.

यावर कोणी म्हणेल, की फार तर मुलाने रचलेले ठोकळ्यांचे गाव मोडेल, दोन दिवस रडेल आणि पुन्हा रचील. तसे असते तर या स्तंभात त्यास जागा दिली नसती. ज्या संगणकावर खेळ चालतो त्याच घरजोडणीवर आज आणखी काय काय असते ते पाहा. वडिलांचा बँकेचा व्यवहार करणारा मोबाइल त्याच राऊटरला जोडलेला असतो. आईचा कचेरीचा लॅपटॉप जेवणाच्या टेबलावर त्याच वायफायवर चालतो. मुंबईपुण्याची किंवा परदेशची नोकरी घरबसल्या करणारी तरुण मंडळी आता आमच्या गावागावांतून दिसतात. व्हरांड्यातील कॅमेरा, दिवाणखान्यातील दूरचित्रवाणी संच, आजोबांच्या कागदपत्रांच्या छायाप्रती, सारे एकाच छपराखाली आणि एकाच जाळ्यात. चोर एकदा पडवीत आला की माजघराचे दार सहसा उघडेच असते. घरातल्या घरात कुलपे लावण्याची आपली रीत नाही, आणि घरातील यंत्रांचीही नाही.

घरातील करमणुकीच्या एखाद्या प्रणालीतून चोर कचेरीच्या तिजोरीपर्यंत कसा जातो, याचे ठसठशीत उदाहरण २०२२ साली घडले. ते खेळाच्या सर्व्हरचे नव्हे, पण त्याच्या सख्ख्या भावंडाचे आहे. लास्टपास ही कंपनी लोकांचे पासवर्ड सांभाळून ठेवण्याचा धंदा करते. म्हणजे कुलपांच्या किल्ल्या ठेवण्याचे कपाटच म्हणा ना. या कंपनीतील अत्यंत जोखमीच्या कोठारात प्रवेश असलेले अभियंते अवघे चार होते. त्यांतील एकाच्या घरच्या संगणकावर चित्रपट व गाणी ठेवण्यासाठी वापरली जाणारी एक प्रणाली होती आणि तीत दोष होता. घुसखोर त्या दोषातून घरच्या संगणकात शिरले, त्याने टंकलिखित केलेले प्रत्येक अक्षर टिपून घेतले आणि त्या अक्षरांच्या जोरावर कंपनीच्या कोठारातून ग्राहकांच्या तिजोऱ्यांच्या प्रती उचलून नेल्या. कंपनीने हे सारे फेब्रुवारी २०२३ मध्ये जाहीरपणे कबूल केले. त्या दोषावरील दुरुस्ती २०२० सालीच उपलब्ध होती, असेही पुढे बाहेर आले. अभियंत्याने गुन्हा केला नव्हता. त्याने एक सुधारणा घेतली नव्हती, एवढेच. कचेरी कितीही मजबूत बांधली तरी तिची मागची भिंत आता कर्मचाऱ्याच्या घरात असते, हा या प्रकरणाचा धडा आहे.

आतापर्यंत आम्ही स्वतःच्या घराच्या हानीविषयी लिहिले. परंतु या प्रश्नाची दुसरी बाजू अधिक गंभीर आहे; ती शेजाऱ्याच्या हानीची. २०१६ साली अमेरिकेतील पारस झा, जोसाया व्हाइट आणि डाल्टन नॉर्मन या तीन तरुणांनी 'मिराई' नावाची आज्ञावली रचली. तिचे काम साधे होते. जगभरचे घरगुती कॅमेरे व राऊटर शोधायचे, कारखान्यातून येतानाचे साठेक ठरीव पासवर्ड त्यांवर लावून पाहायचे, आणि जे उघडेल ते आपल्या फौजेत भरती करायचे. या उद्योगाची एक प्रेरणा होती ती माइनक्राफ्टचे सर्व्हर चालविणाऱ्यांच्या बाजारातील स्पर्धेची. प्रतिस्पर्ध्याच्या सर्व्हरवर लाखो यंत्रांकडून एकाच वेळी निरर्थक मागण्यांचा भडिमार करावयाचा, तो बंद पाडावयाचा, म्हणजे गिऱ्हाइके आपल्याकडे वळतात. आणि संरक्षणाची विद्याही आपल्यालाच विकता येते. त्याच वर्षी सप्टेंबरात फ्रान्समधील ओव्हीएच या कंपनीवर असा प्रचंड मारा झाला तेव्हा त्यात सुमारे १ लाख ४५ हजार कॅमेरे सामील असल्याचे कंपनीच्या प्रमुखाने सांगितले. पुढे या आज्ञावलीचा मजकूर चव्हाट्यावर टाकण्यात आला. त्याच सांगाड्यावर इतरांनी उभारलेल्या फौजेने २१ ऑक्टोबर २०१६ रोजी डिन या कंपनीवर हल्ला केला, आणि ट्विटर, नेटफ्लिक्स यांसारख्या बलाढ्य सेवा अमेरिकेच्या मोठ्या भागात काही तास मिळेनाशा झाल्या. तिघा तरुणांनी २०१७ साली गुन्हा कबूल केला. त्यांना २०१८ साली पाच वर्षांच्या देखरेखीची आणि २,५०० तास समाजसेवेची शिक्षा झाली. ज्या लाखो घरांचे कॅमेरे त्या फौजेत होते त्या घरांना मात्र आपण कोणाविरुद्ध लढत होतो याचा पत्ताही लागला नाही.

खेळातील भांडण किती दूर जाऊ शकते, याचे अलीकडचे उदाहरण अँडोरा या चिमुकल्या देशाचे आहे. फ्रान्स आणि स्पेन यांच्या बेचक्यात वसलेल्या या देशाची लोकसंख्या जवळजवळ आमच्या पेडणे तालुक्याएवढी. जानेवारी २०२२ मध्ये माइनक्राफ्टची एक मोठ्या बक्षिसाची स्पर्धा चालू होती आणि तीत या देशात राहणारे काही नामांकित खेळाडू होते. त्यांना स्पर्धेतून उठविण्यासाठी असाच मारा करण्यात आला. देशात इंटरनेट पुरविणारी कंपनी एकच. तीच त्याखाली वाकली आणि खेळाशी काडीचाही संबंध नसलेल्या नागरिकांची जोडणीही तुटली. असा मारा आता भाड्याने मिळतो. अशी सेवा विकणाऱ्या ४८ संकेतस्थळांवर अमेरिकेच्या न्याय खात्याने डिसेंबर २०२२ मध्ये टाच आणली. सर्व्हर घरी असला की त्याचा पत्ता हाच घराचा पत्ता होतो. मग हरलेल्या एखाद्या पोराच्या रागापायी साऱ्या घराची जोडणी दिवसभर ठप्प होणे अशक्य नाही.

खाजन शेतीच्या आमच्या मुलुखात ही गोष्ट समजावून सांगण्यास फार शब्द लागू नयेत. नदीचे खारे पाणी शेतात शिरू नये म्हणून बांध असतो, आणि पाणी आतबाहेर करण्यासाठी त्या बांधात मानस असते. ओहोटीला ती उघडते, भरतीला मिटते. तिची देखभाल करण्यासाठी माणूस नेमलेला असतो. कोणा एकाने मासळीच्या लोभाने ती भलत्या वेळी उघडी ठेवली, किंवा आपल्या वाटणीच्या बांधाची खांड बुजविली नाही, तर खारे पाणी त्याचीच शेती बुडवून थांबत नाही; सगळ्यांच्या पिकावर जाते आणि जमीन पुढच्या हंगामांनाही भोवते. म्हणूनच बांध ही गावाने मिळून राखण्याची गोष्ट मानली गेली. इंटरनेटच्या दाराविषयी आमची हीच भूमिका आहे. माझे दार, मी उघडीन, तुम्ही विचारणारे कोण, हा युक्तिवाद येथे लागू पडत नाही.

कायद्याची बाजूही घरमालकाने जाणून घ्यावी. २००० सालच्या माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या ४३ व ६६ या कलमांखाली परक्याच्या संगणकात परवानगीवाचून शिरणे किंवा त्याची हानी करणे दंडनीय आहे; लबाडीच्या हेतूने केल्यास तीन वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. अर्थात ज्याच्या संगणकाचा दुसऱ्याने गैरवापर केला तो या कलमांखाली आपोआप गुन्हेगार ठरत नाही. परंतु निर्दोष ठरण्यापूर्वी त्यास बरेच सोसावे लागते. २६ जुलै २००८ रोजी अहमदाबादेत बॉम्बस्फोट झाले, त्याच्या काही मिनिटे आधी वृत्तसंस्थांना धमकीचा ई-मेल गेला होता. तपास यंत्रणा त्याचा माग काढीत पोहोचल्या त्या नवी मुंबईतील सानपाडा येथील एका परदेशी नागरिकाच्या घरी. त्याच्या वायफायमध्ये शिरून तिसऱ्यानेच तो ई-मेल पाठविला होता. त्या गृहस्थाचा स्फोटांशी संबंध नव्हता, हे पुढे निष्पन्न झाले; पण तोपर्यंत त्याचे नाव देशभर झाले होते. त्यानंतर २००९ साली दूरसंचार खात्याला वायफायच्या सुरक्षित वापराविषयी सूचना काढाव्या लागल्या. इंटरनेटची जोडणी ज्याच्या नावावर, पोलीस प्रथम त्याच्याच दारी येणार. ती जोडणी आठवीतल्या मुलाच्या नावावर नसते, हे पालकांनी ध्यानात ठेवावे.

इतके वाचल्यावर काही पालक उठून थेट राऊटरची तार उपटतील, अशी आम्हांस भीती वाटते. तसे होऊ नये. सत्य हे आहे, की एक दार काळजीपूर्वक उघडून वर्षानुवर्षे सुखाने सर्व्हर चालविणारी माणसे जगात पुष्कळ आहेत. शिवाय आपल्याकडील अनेक इंटरनेट पुरवठादार एकच बाहेरचा पत्ता अनेक घरांत वाटून देतात. अशा घरात बाहेरून थेट शिरताच येत नाही. अर्थात मुले त्यावरही उपाय शोधतात. मध्यस्थ सेवेच्या मदतीने आतून बाहेर बोगदा खणतात आणि मग राखणदाराला डावलूनच येजा सुरू होते. पण या खटाटोपातच खरे शिक्षण आहे. जे मूल स्वतःचा सर्व्हर उभा करते ते पत्ते, दारे, परवानग्या, चुकांच्या नोंदी यांच्याशी झुंजते आणि पाठ्यपुस्तक वाचून जे कधी कळले नसते ते शिकते. उद्याचे अभियंते याच वाटेने तयार होतात. विहिरीत बुडण्याचे भय आहे म्हणून मुलाला पोहणे शिकवायचे नाही, हा किनारपट्टीवरील माणसाचा न्याय नव्हे. कमरेला दोरी बांधून त्याला पाण्यात सोडावयाचे, हा आपला न्याय आहे.

ही दोरी कोणती? आमच्या मते ती फार महाग नाही. खेळ ओळखीच्या पाचदहा मित्रांपुरताच असेल तर चव्हाट्यावरचे दार उघडण्याची गरजच नसते. मित्रांचे संगणक तेवढेच जोडणारे खासगी जाळे, ज्यास व्हीपीएन म्हणतात, ते पुरेसे होते. दार उघडायचेच असेल तर सर्व्हरसाठी निराळा जुना संगणक घ्यावा. त्यावर बँक, कचेरी, छायाचित्रे यांपैकी काहीही नसावे. तो घरच्या मुख्य जाळ्यात न ठेवता वेगळ्या जाळ्यात ठेवावा. पुष्कळ राऊटरांत पाहुण्यांसाठी निराळे वायफाय देण्याची सोय असते, मात्र त्यावरून घरातील इतर यंत्रे दिसत नाहीत ना, याची खात्री करून घ्यावी. सर्व्हर संगणकाच्या सर्वाधिकारी खात्यातून चालवू नये, त्यास मोजक्या अधिकारांचे स्वतंत्र खाते द्यावे. कोणाला आत घ्यायचे त्यांची नावनिशीवार यादी सर्व्हरमध्ये करता येते, ती करावी. ओळख पटविण्याची व्यवस्था कदापि बंद करू नये. दुरून संगणक हाताळण्याच्या सोयीची दारे बाहेर उघडी ठेवू नयेत. खेळ, जावा आणि राऊटर या तिन्हींच्या सुधारणा वेळच्या वेळी घ्याव्यात. राऊटरचा कारखान्यातून आलेला पासवर्ड पहिल्याच दिवशी बदलावा, आणि संगणकाने मागितले की परस्पर दार उघडून देण्याची राऊटरची जी सवय असते ती बंद करावी. खेळाची सुटी संपली की उघडलेले दार आठवणीने मिटावे. मिटावयाचे राहून गेलेले दार उघडलेल्या दाराहून घातक असते, कारण त्याकडे कोणी पाहत नसते. आणि हे सारे झेपत नसेल तर सर्व्हर भाड्याने घ्यावा. दरमहा जे पैसे पडतील ते घर आणि दुकान निराळे ठेवण्याचे भाडे समजावे.

मात्र हा सारा भार पालकांच्या आणि मुलांच्या माथी टाकून इतरांनी हात झटकावेत, हे आम्हांस मान्य नाही. घरोघरी राऊटर बसवून जाणारा पुरवठादाराचा माणूस पासवर्ड बदलून देत नाही, कित्येकदा बदलावा असे सांगतही नाही. पेटी लावतो, वेग दाखवितो आणि पैसे घेऊन जातो. विजेची जोडणी देताना मातीशी जोडलेली तार आहे की नाही हे पाहिल्यावाचून प्रवाह सुरू होत नाही. मग या जोडणीला निराळा न्याय का? कॅमेऱ्यांच्या बाबतीत केंद्र सरकारने एप्रिल २०२४ मध्ये अधिसूचना काढून सुरक्षाविषयक चाचण्या बंधनकारक केल्या आणि त्या २०२५ पासून अमलात आल्या. हे पाऊल योग्य होते, जरी मिराईच्या प्रकरणानंतर त्यास आठ वर्षे लागली. त्याच कसोट्या घराच्या राखणदारालाही तितक्याच काटेकोरपणे लागल्या पाहिजेत, आणि विकलेल्या राऊटरला किती वर्षे सुधारणा मिळत राहतील हे पेटीवर छापणे सक्तीचे झाले पाहिजे. बाधित यंत्रे साफ करण्याची साधने देणारे 'सायबर स्वच्छता केंद्र' केंद्र सरकारने २०१७ साली सुरू केले, पैशांची फसवणूक झाल्यास तत्काळ कळविण्यासाठी १९३० हा क्रमांकही आहे. परंतु यांची नावे किती घरांतून ठाऊक आहेत? सरकारी सोयींचे भाग्य बहुधा असेच असते. त्या असतात, पण गरजेच्या घटकेला आठवत नाहीत.

शाळांनाही यात करण्याजोगे पुष्कळ आहे. संगणकाच्या तासाला मुले चित्र रंगवितात, तक्ते भरतात, आणि घरी जाऊन सर्व्हर उभारतात. शाळेतील शिक्षण आणि घरचा उद्योग यांत हे अंतर पडू देण्याचे कारण नाही. आठवीनववीच्या वर्गात राऊटर म्हणजे काय, दार उघडणे म्हणजे काय, सुधारणा न घेतल्याने काय होते, हे चार तासांत शिकवता येईल. त्यासाठी खेळाचेच उदाहरण घ्यावे. दुसऱ्या कोणत्याही उदाहरणाने मुलांचे कान इतके टवकारले जाणार नाहीत.

राहता राहिला घरातील संवादाचा प्रश्न. मुलाने सर्व्हर मांडला आहे हे बहुतेक पालकांना संगणक बिघडल्यावर किंवा पैसे गेल्यावर कळते. बैल गेला आणि झोपा केला, अशातला हा प्रकार. याचे एक कारण असे, की विचारले तर नाही म्हणतील या भीतीने मुले विचारीतच नाहीत. पालकांनी हे भय काढून टाकावे. आपल्याला यातले काही कळत नाही, असे म्हणण्यात कमीपणा मानू नये. 'कोणते दार उघडलेस, कोण कोण येते, रात्री ते मिटतोस का?' एवढे तीन प्रश्न विचारण्यास संगणकशास्त्र यावे लागत नाही. ज्या मुलाला या प्रश्नांची उत्तरे देता येतात त्याच्या हाती दार सोपवावे; ज्याला देता येत नाहीत त्याने ती शोधून आणीपर्यंत आडसर आपल्या हाती ठेवावा. घर राखण्याची विद्या आजवर वडिलांकडून मुलाकडे जात आली. या एका दारापुरती ती मुलाकडून वडिलांकडे आली तरी बिघडत नाही. कोणीतरी रात्री उठून कडी पाहिली पाहिजे, एवढाच आमचा आग्रह आहे.